पोस्टर, रंग आणि शिरोरेषा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेतली पोस्टरं पाहिलीत कधी? संशोधन चांगलं असतं, पण अर्धा प्रबंध कागदावर उतरवलेला, त्यात पिवळ्यावर पांढरी अक्षरं. परीक्षक बिचारे दोन ओळी वाचून पुढे सरकतात.

मग मुलं कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनाकडे वळतात. ऑस्ट्रेलियात पर्थला मेलनी पर्किन्स विद्यापीठातल्या मुलांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवत. कुठलं बटण कुठे, हे समजण्यातच मुलांचा वेळ जाई. त्या अनुभवातून पुढे २०१३ मध्ये कॅनव्हा आलं. तयार साचे मिळाले, सोय झाली. पण साचा पोस्टर सजवून देतो. ते कुठे फसलंय, ते कळायला दुसरी साधनं लागतात.

गिंप हे चित्रांवर काम करण्याचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात रंगांधत्वाचा ‘डिस्प्ले फिल्टर’ आहे. तो लावला की लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला तुमचा आलेख कसा दिसेल, ते पडद्यावर दिसतं. दोन्ही रेघा सारख्याच मातकट झाल्या, तर एक तुटक काढा.

दुसरं साधन कॉन्ट्रास्ट तपासण्याचं. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग द्या, ते दोघांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. वेबसाइटच्या सुगमतेचे निकष साध्या मजकुराला किमान ४.५ : १ मागतात, छापील पोस्टरलाही हा अंदाज चालतो. शुद्ध पिवळ्यावर पांढरं? जेमतेम १ : १. वाद तिथेच मिटतो. एआयला विचारलंत तर ते आधी कौतुक करतं, म्हणून मला हा रुक्ष आकडा बरा वाटतो.

मराठी पोस्टरची गोम मात्र या साधनांना कळत नाही. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. त्याऐवजी फॉन्ट ठळक घ्या; मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत. ओळींमधलं अंतर मात्र वाढवाच, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो.

छपाईला देण्याआधी पोस्टर ए-फोर कागदावर काढा आणि दीड फुटावरून वाचा. ते जमलं तर ए-वन आकारातलं चार फुटांवरून वाचता येईल. नाही जमलं तर मजकूर कापा. आधी प्रस्तावना, मग पद्धतीचं वर्णन. आलेखाला हात सगळ्यात शेवटी.

नमस्कार.