जुना व्यावसायिक वायरलेस सेट हॅम पट्ट्यात आणताना

मित्रहो, आज ज्या सेटविषयी आपण बोलणार आहोत ते हॅमसाठी, म्हणजे हौस म्हणून परवाना घेऊन रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी, बनवलेलेच नव्हते. पोलीस, अग्निशमन दल, टॅक्सी कंपन्या, वीजपुरवठा करणाऱ्या संस्था यांच्या गाड्यांमध्ये ऊन, धूळ आणि हादरे सोसत वर्षानुवर्षे चालावेत म्हणून त्यांची बांधणी झाली. ते सेवेतून निघतात तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेले नसतात. नियम बदललेले असतात. अमेरिकेत हे दोनदा घडले. १९६० च्या आसपास तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने चॅनलची रुंदी घटवली आणि १५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचे (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी मूळ जागेवरून जितकी सरकते ते डेव्हिएशन) सेट मागे पडून ५ किलोहर्ट्झचे आले. पुढे १ जानेवारी २०१३ पासून १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधील परवानाधारकांना २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर जावे लागले. पहिल्या वेळी मोटोरोला, जनरल इलेक्ट्रिक आणि आरसीएचे सेट हॅमच्या हाती आले, १४६.९४ मेगाहर्ट्झ ही सर्वांच्या भेटीची फ्रिक्वेन्सी झाली आणि तिच्याभोवती रिपीटर (ऐकलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारे संच) उभे राहत गेले. दोन मीटरवरचे, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या हॅम पट्ट्यावरचे, एफएम आज ज्या रूपात आपण वापरतो, ते या सेवानिवृत्त सेटवरच वाढले, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये पाय कंपनीच्या केंब्रिज आणि वेस्टमिन्स्टर या सेटनी हेच काम केले.

हॅमसाठी बनवलेला नवा सेट सहज मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर रिसीव्हरमध्ये आहे. हॅमच्या सेटला विस्तृत पट्टा ऐकायचा असतो, त्यामुळे त्याचे पुढचे फिल्टर सैल ठेवावे लागतात. व्यावसायिक सेटला मोजकेच चॅनल ऐकायचे असतात, म्हणून त्याच्या अँटेनामागे हेलिकल रेझोनेटरची, म्हणजे अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या फिल्टरच्या कप्प्यांची, रांग बसवता येते आणि शेजारच्या इमारतीवरचा जबरदस्त ट्रान्समीटर तिथेच अडवला जातो. मुंबईसारख्या, गच्चीगच्चीवर अँटेना असलेल्या शहरात हा फरक कानाला लगेच जाणवतो. हा गुण टिकवून सेट आपल्या पट्ट्यात आणायचा, हेच सगळ्या फेरफाराचे उद्दिष्ट आहे. केवळ फ्रिक्वेन्सी बदलली आणि सेट बोलू लागला, म्हणजे काम झाले असे मुळीच नाही.

फ्रिक्वेन्सी क्वार्ट्झच्या क्रिस्टलवरून ठरवणाऱ्या जुन्या सेटचे उदाहरण घेऊ. ज्या ट्रान्समीटरमध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी १२ पट केली जाते, त्याला १४५ मेगाहर्ट्झवर आणण्यासाठी १२.०८३३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. क्रिस्टल १०० हर्ट्झने चुकला, तर हवेत जाणारी फ्रिक्वेन्सी १,२०० हर्ट्झने चुकते. म्हणून मोटोरोला मायकॉर किंवा जनरल इलेक्ट्रिकच्या मास्टर टू या सेटमधील क्रिस्टल ज्या डबीत असतो, ती अख्खी डबी क्रिस्टल बनवणाऱ्याकडे पाठवून तापमानाची भरपाई नव्याने करून घेण्याचा रिवाज पडला आणि तो रास्त आहे. रिसीव्हरची मध्यम फ्रिक्वेन्सी (आलेला सिग्नल ऑसिलेटरशी मिसळून ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) १०.७ मेगाहर्ट्झ असेल आणि त्याचा ऑसिलेटर खालच्या बाजूने चालत असेल, तर १४५ ऐकण्यासाठी तो १३४.३ वर ठेवावा लागतो. अशा वेळी १२३.६ मेगाहर्ट्झ ही प्रतिमा-फ्रिक्वेन्सी, म्हणजे मिसळल्यावर त्याच १०.७ वर येणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी, होते आणि ती थेट विमानांच्या पट्ट्यात पडते. क्रिस्टल बदलून हेलिकल रेझोनेटर मूळ जागीच ठेवले, तर आपला सिग्नल क्षीण होतोच, शिवाय वैमानिकाच्या संभाषणाला आत येण्याची वाट मोकळी होते. तेव्हा क्रिस्टल बदलल्यावर प्रत्येक कप्प्याचा स्क्रू सिग्नल जनरेटर लावून नव्याने ट्यून करणे हे काम टाळता येत नाही.

सिंथेसायझर (हवी ती फ्रिक्वेन्सी सेटमध्येच तयार करणारे सर्किट) असलेल्या सेटमध्ये क्रिस्टलची कटकट नाही, पण तिथे सेटची निवडच निर्णायक ठरते. मोटोरोलाचा जीएम ३०० हा सेट व्हीएचएफमध्ये १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ अशा दोन प्रकारांत मिळत असे. भारतात आपला दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ आहे, त्यामुळे इथे पहिला प्रकार शोधावा; दुसरा पट्ट्याच्या अगदी दारापाशी येऊन थांबतो. यूएचएफमध्ये आपली अडचण अधिक मोठी आहे. जीएम ३०० चे दोन प्रकार ४०३ ते ४३३ आणि ४३८ ते ४७० असे आहेत आणि आपल्याला परवानगी आहे ती ४३४ ते ४३८ या, नेमक्या मधल्या जागेत. संगणकातून फ्रिक्वेन्सी भरता आली म्हणून व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) तिथे लॉक होईलच, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर होईलच, असे नाही आणि खोलीत लॉक झालेला सेट मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॉक सोडू शकतो. म्हणून व्हीसीओचे नियंत्रण व्होल्टेज मोजावे. ते टोकाला चिकटलेले दिसले, तर मर्यादा जवळ आली आहे असे समजावे. या पिढीच्या सेटचे प्रोग्रॅमिंग डॉसवर चालते आणि वेगवान संगणकावर त्याचे वेळेचे गणित चुकून सेटची स्मृती खराब होऊ शकते. त्यासाठी एखादा संथ, जुना संगणक जपून ठेवणे हिताचे आहे. काहीही लिहिण्याआधी सेटमधील मूळ माहिती वाचून तिची प्रत घ्यावी आणि मग जुन्या मालकाचे सर्व चॅनल पुसून टाकावेत. पोलिसांची किंवा कुणाच्याही कामाची फ्रिक्वेन्सी आपल्या सेटमध्ये राहू देणे हा गंभीर बेजबाबदारपणा आहे.

डेव्हिएशनकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. आपल्याकडच्या एफएमची रीत ५ किलोहर्ट्झची आहे. केवळ १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलसाठी फिल्टर बसवलेला सेट अशा आवाजाचे शिखर कापतो आणि तो फाटका ऐकू येतो. २०१३ मध्ये अमेरिकेत बाद झालेले २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनलचे सेट याच कारणाने आपल्या कामाचे आहेत.

रिपीटरसाठी असे दोन सेट जोडणे लोकप्रिय आहे, पण गाडीतला ट्रान्समीटर थोडा वेळ बोलून थांबण्यासाठी बनवलेला असतो. तो सलग चालवायचा असेल, तर पॉवर निम्म्यावर आणावी आणि उष्णता घालवण्यासाठी पंखा लावावा. दोन मीटरवर पाठवण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आणि व्यावसायिक सेटबरोबर येणारे लहान नॉच डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारे फिल्टर) बहुधा काही मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात. तिथे मोठ्या कॅव्हिटींना, म्हणजे धातूच्या पोकळ डब्यांच्या फिल्टरना, पर्याय नाही. लहान डुप्लेक्सर कितीही ट्यून केला, तरी रिपीटर स्वतःच्याच ट्रान्समीटरने बहिरा होत राहील.

हे सगळे करण्याचा अधिकार दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेने दिलेल्या परवान्यातून येतो, आणि तो परवाना हाती येण्याआधी सेटवर कॉल देऊन पाहण्याचा मोह आवरायला हवा. तोवर अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावून पॉवर, डेव्हिएशन आणि हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) मोजण्याचा सराव करावा आणि प्रत्येक मोजमाप कागदावर लिहून तो कागद सेटच्या झाकणाच्या आत चिकटवावा.