कॉकपिटमधलं पिस्तूल

२२ मार्च २००८. डेन्व्हरहून निघालेलं यूएस एअरवेजचं एअरबस ए-३१९ शार्लटला उतरायच्या बेतात आहे. आत १२४ प्रवासी. आणि कॉकपिटमध्ये गोळी सुटते.

अपहरण वगैरे काही नाही. पिस्तूल वैमानिकाचंच, तेही सरकारनं दिलेलं. गोळी डावीकडची भिंत भेदून बाहेर गेली आणि विमान सुखरूप उतरलं. सिनेमात असल्या भोकातून माणसं बाहेर खेचली जातात. खऱ्या विमानाला एवढंसं छिद्र सहज पेलतं.

(दृश्य: अमेरिकी संसदेची इमारत)

११ सप्टेंबर २००१ नंतर वैमानिकांच्या संघटनांनी शस्त्राची मागणी लावून धरली. बुश सरकार आधी राजी नव्हतं. पण सप्टेंबर २००२ मध्ये सिनेटनं वैमानिकांना कॉकपिटमध्ये पिस्तूल देण्याच्या योजनेच्या बाजूनं ८७ विरुद्ध ६ मतांनी कौल दिला आणि एप्रिल २००३ मध्ये ४४ वैमानिकांची पहिली तुकडी प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली. काम ऐच्छिक, सरकारकडून त्याचा पगार नाही.

त्यांची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. १९९४ मध्ये मेम्फिसहून उडालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानात कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं हातोडा घेऊन तिघा वैमानिकांची डोकी फोडली. तशा रक्तबंबाळ अवस्थेत त्यांनी विमान परत आणून उतरवलं.

(दृश्य: होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, आणि कुलूप, जवळून)

पण शार्लटच्या गोळीचं मूळ या कुलपात आहे. वैमानिकाचा शस्त्राचा अधिकार कॉकपिटपुरताच. बाहेर पाऊल टाकायचं, अगदी स्वच्छतागृहात जायचं म्हटलं, तरी आधी पिस्तूल कुलूपबंद करायचं. कुलपाची कडी होल्स्टरमधून थेट ट्रिगरच्या कोंदणात जायची. पिस्तूल आत नीट बसलेलं नसलं, तर कडी सरकवतानाच ट्रिगर दाबला जाणार! हाताळणीत चूक झाली तर या होल्स्टरमुळे गोळी सुटू शकते, असं पुढे गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनीही नोंदवलं. वैमानिकाचा नेम किती अचूक आहे, हा प्रश्न आम्हाला म्हणूनच दुय्यम वाटतो. त्याला पिस्तुलाशी रोज किती वेळा खटपट करावी लागते, ते आधी विचारायला हवं.

शिवाय एप्रिल २००३ पर्यंत अमेरिकेत प्रवासी विमानांना गोळीरोधक दारं सक्तीची झालीच होती. बाहेरच्या हल्लेखोराला अडवायला ते दार पुरेसं भक्कम आहे. आत बसलेल्याला मात्र ते अडवत नाही.

ऑगस्ट २०२२. एका प्रवाशाची तब्येत बिघडल्यामुळे कॅप्टन विमान दुसरीकडे वळवण्याच्या विचारात होता. वळवलं तर गोळी घालीन, अशी धमकी त्याला शेजारी बसलेल्या सहवैमानिकानं दिली, असा आरोप आहे. युटा राज्यातल्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, ऑक्टोबर २०२३ मध्ये या सहवैमानिकावर आरोप ठेवले. विमानात पिस्तूल बाळगायची परवानगी त्याला याच योजनेतून मिळालेली होती.