नियंत्रण गटाची बाजू

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित श्रोतेहो,

हिरड्यांच्या आजारावर कोणते उपचार खरोखर गुण देतात, असा आजचा जाहीर विषय आहे. त्याचे उत्तर मी देणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही. या उपचारांच्या चाचण्या वाचताना आपले सगळे लक्ष उपचार गटाकडे असते. नवे औषध, नवी शस्त्रक्रिया किंवा नवा लेझर यामुळे किती फरक पडला, एवढेच आपण विचारतो. शेजारच्या रकान्यात नियंत्रण गटाचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या आणि नवा उपचार न मिळालेल्या रुग्णांचे, आकडे असतात. त्यांच्याकडे तुलनेपुरते पाहून आपण पान उलटतो. माझे म्हणणे असे की, गेल्या साठ वर्षांत या क्षेत्रात हाती आलेले सर्वांत मोलाचे ज्ञान त्याच रकान्यात पडून आहे. हिरड्यांच्या बहुतेक चाचण्यांमध्ये नियंत्रण गटही सुधारतो, आणि पुष्कळदा इतका सुधारतो की नव्या उपचाराला दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

हे का होते ते कळण्यासाठी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाकडे जावे लागते. हा प्रयोग मला अतिशय प्रिय आहे, त्यामुळे त्यावर थोडा अधिक वेळ गेला तर आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. त्या काळी हिरड्यांच्या दाहाची अनेक कारणे सांगितली जात. कोणी आहाराला दोष देई, कोणी जीवनसत्त्वांच्या अभावाला, कोणी दातांच्या चुकीच्या चाव्याला, तर कोणी नुसत्या वाढत्या वयाला. दातांवर जमणारा जिवाणूंचा थर हेच मूळ कारण आहे, असा संशय अनेकांना होता. पण माणसामध्ये ते पायरीपायरीने कोणी दाखवून दिलेले नव्हते.

ब्रश बंद झाल्यावर संशोधकांनी दातांच्या कडेचा थर ठरावीक दिवसांनी खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सुरुवातीला त्यात मुख्यतः गोल आणि आखूड दांड्यासारखे जिवाणू होते. काही दिवसांनी लांब तंतूंसारखे जिवाणू आले आणि शेवटी स्वल्पविरामासारखे वाकडे व मळसूत्राप्रमाणे पीळ पडलेले, सतत हालचाल करणारे जिवाणू दिसू लागले. हा क्रम पुढे सरकत असतानाच हिरड्या लाल झाल्या, सुजल्या आणि स्पर्श होताच त्यांतून रक्त येऊ लागले. कोणाला १० दिवस लागले, कोणाला २१. पण सुटला कोणीही नाही. त्यानंतर सर्वांनी पुन्हा दात स्वच्छ ठेवायला सुरुवात केली आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगात औषधाचा एक थेंबही वापरलेला नव्हता. प्रत्येक व्यक्ती स्वतःच स्वतःचे नियंत्रण होती, म्हणजे तिची तुलना तिच्याच आधीच्या स्थितीशी होत होती, आणि कारण व उपाय ही दोन्ही टोके एकाच प्रयोगात हाती आली. आजही नवी टूथपेस्ट किंवा गुळण्यांचे औषध तपासायचे असले की हाच एकवीस दिवसांचा आराखडा वापरला जातो. (या क्षणी सभागृहात किती जणांनी जिभेने आपली हिरडी चाचपली, हे मी विचारणार नाही, मात्र ज्यांनी चाचपली ते लक्ष देऊन ऐकत आहेत याचा मला आनंद आहे.)

अर्थात हा प्रयोग हिरडीच्या वरवरच्या दाहाचा होता. दाताला धरून ठेवणारे हाड झिजणे ही पुढची अवस्था, जिला आपण सर्रास पायोरिया म्हणतो, ती सर्वांना सारखी गाठत नाही. लोए यांच्याच गटाने श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष कामगारांचा १९७० पासून पंधरा वर्षे पाठपुरावा केला. या कामगारांना ब्रशची सवय नव्हती आणि दंतवैद्यकीय उपचारही मिळत नव्हते. हिरड्यांचा दाह जवळपास सर्वांनाच होता; तरीही सुमारे ८ टक्क्यांमध्ये दातांच्या आधाराची झीज झपाट्याने झाली, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने झाली आणि ११ टक्क्यांमध्ये आजार दाहाच्या पुढे गेलाच नाही. जिवाणूंचा थर सर्वांवर सारखा असूनही परिणाम इतका वेगळा होता. म्हणून नियंत्रण गटाशिवाय केलेल्या चाचणीवर माझा विश्वास बसत नाही. ज्यांचा आजार पुढे जाणारच नव्हता अशी माणसेही उपचाराने बरी झाली म्हणून मोजली जातात.

आता मोजण्याबद्दल सांगतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी फट पडते तिला पॉकेट म्हणतात. टोकाशी सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, खुणा केलेली प्रोब नावाची सळई तपासणारा त्या फटीत हलकेच उतरवतो. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतले जाते. तो आकडे उच्चारतो आणि शेजारचा मदतनीस ते टिपतो. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. मिलिमीटर दोन मिलिमीटरच्या फरकावर निष्कर्ष काढायचा असतो आणि एकाच हाताने पुन्हा मोजले तरी आकडा एक मिलिमीटरने सहज मागेपुढे होतो. त्यातही हिरडी सुजलेली असेल तर टोक पॉकेटच्या तळाशी न थांबता मऊ पेशींमध्ये घुसते. सूज ओसरली की ऊतक घट्ट होते आणि तेच टोक अलीकडे अडते. दाताला नवे काही चिकटलेले नसतानाही आकडा सुधारतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. चाचणीसाठी खोल पॉकेट निवडली जातात आणि त्यांपैकी काही केवळ मोजण्याच्या चुकीमुळे खोल भासलेली असतात, म्हणून दुसऱ्या वेळी ती आपोआप उथळ निघतात. शिवाय आपल्या तोंडाकडे कोणी बारकाईने पाहत आहे हे कळताच माणूस अधिक मन लावून दात घासू लागतो. हे तिन्ही परिणाम दोन्ही गटांत सारखेच होतात. नियंत्रण गट नसता तर हे सारे श्रेय नव्या औषधाच्या खात्यावर जमा झाले असते.

एका शोधनिबंधाचे परीक्षण करताना मला जे दिसले ते मी आजही विसरलेलो नाही. रुग्ण मोजकेच होते. पण लेखकांनी प्रत्येक पॉकेट स्वतंत्र माणूस असल्याप्रमाणे मोजले होते आणि हजारो निरीक्षणांच्या बळावर मोठा निष्कर्ष काढला होता. एकाच तोंडातील दातांना एकच लाळ, एकच रक्तपुरवठा, एकच ब्रश आणि धूम्रपानाची एकच सवय मिळते. शंभर वेळा विचारले तरी साक्षीदार एकच असतो. रुग्ण कितीही थोडे असले तरी चालते, असा समज या पद्धतीतून पसरतो आणि त्या बळावर विकल्या जाणाऱ्या उपचारांसाठी लोक कष्टाचे पैसे मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून जाहीर केलेल्या विषयाचे उत्तर आता थोडक्यात देतो.

दाताच्या मुळावरून थर आणि टार्टर (कडक झालेला थर) काढणे, म्हणजे खोलवर केलेले स्केलिंग, हा उपचाराचा पाया आहे. चार ते सहा मिलिमीटरची पॉकेट त्याने सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास उथळ होतात आणि सात किंवा अधिक मिलिमीटरची सुमारे दोन मिलिमीटरने. हिरडी उघडून केलेली शस्त्रक्रिया फार खोल पॉकेटमध्ये सुरुवातीला अधिक फरक दाखवते. मात्र स्वच्छता उत्तम राखली तर वर्षे जातील तसे हे अंतर कमी होत जाते. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल यांची जोड दिल्यास सरासरी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जादा लाभ होतो. एवढ्यासाठी सरसकट प्रतिजैविके देऊन जिवाणूंची प्रतिकारशक्ती वाढवणे मला योग्य वाटत नाही. वेगाने वाढणाऱ्या निवडक आजारात त्यांचा विचार व्हावा.

ज्यांना गंभीर आजार नाही त्यांनी नियमित स्केलिंग करून घ्यावे का? ब्रिटनमधील १८७७ प्रौढांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांनी स्केलिंग करणारे, दर बारा महिन्यांनी करणारे आणि मुळीच न करणारे यांच्या हिरड्यांमध्ये तीन वर्षांनंतर फरक आढळला नाही. दात स्वच्छ ठेवण्याबद्दलच्या व्यक्तिगत सल्ल्यानेही फरक पडला नाही, आणि स्वच्छता सुधारली की हिरड्या सुधारतात या माझ्या मांडणीला हे अडचणीचे आहे, हे मान्य करायला हवे. याच्या उलट स्वीडनमधील कार्लस्टाड येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात उपचार गटाला सुरुवातीला दर दोन महिन्यांनी बोलावून स्वच्छता शिकवली गेली. तेथे वर्षातून एकदा नेहमीचे उपचार घेणारा नियंत्रण गट सहा वर्षांत खालावत गेला आणि पुढे तो गट बंदच करण्यात आला. माझ्या मते या दोन अभ्यासांतील फरक शिकवण्याच्या वारंवारतेचा आहे.

शेवटचा प्रश्न शरीरावरील परिणामांचा. गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अकाली प्रसूती टळते का, हे अमेरिकेत ८२३ स्त्रियांमध्ये तपासले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेले प्रमाण उपचार गटात १२.० टक्के आणि नियंत्रण गटात १२.८ टक्के होते, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. उपचार मात्र सुरक्षित ठरला. मधुमेहात २०१३ सालच्या ५१४ जणांच्या चाचणीत रक्तातील साखरेवर परिणाम दिसला नाही. परंतु तेथे उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवर पुष्कळ थर आणि हिरड्यांत रक्तस्राव शिल्लक राहिला होता. २०१८ साली २६४ जणांवर अधिक कसून उपचार झाले, तेव्हा बारा महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारे मोजमाप) नियंत्रण गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी आढळले. म्हणून मधुमेह असलेल्या व्यक्तीने हिरड्यांचे उपचार जरूर घ्यावेत, मधुमेहाची औषधे सुरू ठेवूनच घ्यावेत आणि उपचारानंतर हिरड्यांतून रक्त येणे थांबले आहे की नाही, हे पुन्हा तपासून घ्यावे.