एसेन्शियल ऑइल म्हणजे खोबरेल नव्हे! घरात वापरायच्या आधी हे बघा

(हातात छोटी गडद बाटली धरून)

नमस्कार मंडळी, ही बाटली बघा, एवढीशी, 10 मिलीची, आणि हिच्यावर लिहिलंय निलगिरी तेल. मला विचाराल तर सगळा घोळ त्या 'तेल' शब्दातच आहे. तेल म्हटलं की आपला हात सैल सुटतो, खोबरेल जसं तळहातावर ओततो, बाळाला चोळतो, नाकात सोडतो, तसंच आपण हेही वापरायला जातो. पण हे तेल त्या अर्थानं तेलच नाहीये, हा अर्क आहे, आणि अर्काशी वागायची पद्धत वेगळी असते.

आपण सांगलीकर आहोत, हे समजून घ्यायला लांब जायला नको. हळद काढली की रानात ती शिजवतात, त्या दिवसात रस्त्यानं जाताना गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत वास येतो, बरोबर? तो वास म्हणजेच हळदीचं एसेन्शियल ऑइल, वाफेबरोबर हवेत उडतंय. कारखान्यात हेच बंद भांड्यात करतात, हळदीतून वाफ सोडायची, ती वास घेऊन वर येते, मग नळीतून थंड केली की पाणी खाली राहतं आणि तेल वर तरंगतं. म्हणजे किलोनं माल आत जातो आणि हातात थोडंसंच काहीतरी पडतं. आणि हळदीचा पिवळेपणा, ते कर्क्युमिन, ते वाफेबरोबर वर येत नाही, त्यामुळं वाफेवर काढलेल्या हळदीच्या तेलात भरपूर कर्क्युमिन आहे असं कुणी सांगून विकत असेल तर सरळ पुढं चालायला लागा.

आता मी हा व्हिडिओ का करतेय ते सांगते. माझी मुलगी सात महिन्यांची होती, कारखाने सुरू झालेले, गळीत हंगामातली ती थंडी, त्यात कुणीतरी रानात पाचट पेटवलेलं, सगळीकडं काळी काजळी आणि तिचं नाक गच्च. मी रुमालावर निलगिरीचे चार-पाच थेंब टाकले आणि रुमाल पाळण्याला, अगदी तिच्या तोंडाजवळ बांधला, आपल्याकडं असंच करतात म्हणून. दहा मिनिटांत तिचा श्वास अडखळायला लागला, ठसका लागला, डोळ्यातून पाणी, मी घाबरून तिला उचलून गॅलरीत पळाले. मोकळ्या हवेत ती सावरली, मग डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी समजावून सांगितलं की तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी, पुदिना, कापूर असलं उग्र काही धरलं की घशाचे स्नायू एकदम आवळू शकतात, श्वास थांबूसुद्धा शकतो. तो दिवस मी विसरलेली नाही. म्हणून पहिली गोष्ट, दोन वर्षांखालच्या लेकरांना हे काहीही नको, छातीला चोळायचा कापराचा बाम पण नको. नाक गच्च असेल तर मेडिकलमध्ये सलाईनचे ड्रॉप मिळतात, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, ते डॉक्टरांना विचारून वापरा.

कापराचं अजून बोलायचंय कारण तो प्रत्येकाच्या देवघरात आहे. 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट होती तेव्हा कापूर, लवंग, ओवा आणि वरून निलगिरी अशी पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज फिरत होते, आठवतंय? ऑक्सिजन वाढत नाही. मेन्थॉल-कापरानं नाकात गार वाटतं, त्या गारव्यानं नाक उघडल्यासारखं वाटतं, बास. आणि खरा धोका पोटात जाण्याचा आहे. कापराच्या वड्या पांढऱ्याशुभ्र, पोराला खडीसाखरच वाटते, आणि लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूरसुद्धा जिवावर बेतू शकतो, काही मिनिटांत झटके येऊ शकतात. निलगिरीचं पण तसंच, एखादा चमचासुद्धा लहान मुलाला फार होतो. देवघरातला डबा आजच वर उचलून ठेवा, व्हिडिओ थांबवून ठेवा हवं तर.

(खोबरेलची वाटी आणि खोकल्याच्या औषधाचं टोपण पुढं घेऊन)

बरं, मोठ्यांनी वापरायचं कसं. अंगाला कधीच डायरेक्ट लावायचं नाही, साध्या तेलात पातळ करायचं, खोबरेल घ्या, तिळाचं घ्या, काहीही. हिशोब अगदी सोपा आहे. साधारण 20 थेंबांचा 1 मिली होतो, आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर 5 मिलीची खूण असते. तेवढ्या खोबरेलात एक थेंब टाकला की एक टक्का झाला. चेहऱ्याला एवढंच, किंवा त्याच्याही खाली. पाठ, पोटऱ्या चोळायच्या असतील तर दोन थेंब. तुम्हाला वाटेल एका थेंबानं काय होतंय, वासच येत नाही नीट, पण त्वचेला तेवढं पुरतं. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं, लाल झालं, खाज आली तर ते तेल तुमचं नाही. जास्त झालं आणि आग व्हायला लागली तर नुसतं पाणी मारू नका, तेल पाण्यात मिसळत नाही, आधी साध्या तेलानं पुसून घ्या मग साबणानं धुवा. याच कारणानं आंघोळीच्या बादलीत थेंब टाकणं मला पटत नाही, ते वर तरंगतात आणि जसेच्या तसे अंगाला चिकटतात. डोळ्यात गेलं तर मात्र पाणीच, पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल असेल तर ते लावून उन्हात जायचं नाही, बारा तास तरी. आपलं एप्रिलचं ऊन माहितीय ना, त्यात ते तेल त्वचेवर भाजल्यासारखे डाग पाडू शकतं आणि ते डाग महिनोनमहिने जात नाहीत.

पोटात घ्यायचं का, हे मला सारखं विचारतात. नाही. कोमट पाण्यात एक थेंब, मधात दोन थेंब, असलं काहीच नको, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. गुडघेदुखीसाठी जे विंटरग्रीनचं तेल मिळतं, काही ठिकाणी गंधपुरा म्हणून विकतात, त्याच्या 5 मिलीमध्ये जेवढं सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचं रसायन, असतं ते 325 मिलिग्रॅमच्या वीसेक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतकं आहे, एका चमच्यात! घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर त्यांच्या गुडघ्याला हे रोज चोळायच्या आधी पण डॉक्टरांना विचारा, कारण ते कातडीतून आत जातं. गरोदर बायकांनी पण तसंच, विचारल्याशिवाय नको. लवंगाचं तेल दाढेवर ठेवायची आपली जुनी पद्धत चुकीची नाहीये, त्यातलं युजेनॉल दातांचे डॉक्टर पण वापरतात, पण कापसावर थोडंसं पातळ करून घ्यायचं, आणि ते दुखणं थोडा वेळ थांबवतं, कीड थांबवत नाही.

डिफ्यूजर, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं छोटं यंत्र, मला आवडतो, संध्याकाळी लॅव्हेंडर लावलं की मला शांत वाटतं, झोपायच्या आधी वातावरण छान होतं. पाण्यात तीन-चार थेंब, अर्धा तास, मग बंद, आणि एक खिडकी किलकिली उघडी. रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही. घरात दम्याचा पेशंट असेल तर वासानंच त्रास वाढू शकतो, त्यांना आधी विचारा. आणि मांजर असेल तर खूप जपून, मांजराचं लिव्हर यातले बरेच घटक पचवू शकत नाही, टी ट्री नावाच्या झाडाचं तेल तर त्यांच्या अंगाला लागूच नये.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की डास किती होतात ते आयर्विन पुलाच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. सिट्रोनेला, गवती चहाचं तेल डास लांब ठेवतं, पण थोडाच वेळ, ते उडून जातं. डेंग्यूच्या दिवसात त्याच्या भरवशावर पोरं झोपवू नका, मच्छरदाणी लावा. आणि हे तेल पेट घेतं हो, समईजवळ, गॅसजवळ बाटली उघडायची नाही.

विकत घेताना लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का बघा, गडद काचेची बाटली आहे का बघा. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो वास आहे, अर्क नाही, अंगाला लावू नका. मी बाटली उघडली त्या दिवशी चिकटपट्टीवर तारीख लिहून लावते, कारण लिंबू, टी ट्री ही तेलं हवेनं जुनी झाली की ॲलर्जी जास्त करतात. वर्ष झालं की मी काढून टाकते.

आणि एवढं करूनही पोरानं बाटली तोंडाला लावलीच तर उलटी करायला लावू नका, बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना हे तेल फुफ्फुसात उतरतं आणि ते जास्त वाईट. पोरगं खेळतंय, ठीक दिसतंय, म्हणून वाट बघत बसू नका, 108 लावा किंवा गाडी काढून सरळ हॉस्पिटल, आणि बाटली सोबत घ्या, रिकामी असली तरी घ्या, कारण त्यात काय होतं हे डॉक्टरांना लेबलवरूनच कळणार आहे.