गोळी दिल्यानंतरचं काम

मेडिकलमधल्या फार्मासिस्टचं काम गोळी हातात दिली की संपत नाही. का, ते सांगायला इन्सुलिनपासून सुरुवात करू. आपल्याकडे कुपीत मिळणारं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये मात्र मिलिलीटरला १०० युनिट. म्हणून सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची.

आता समजा, अमेरिकेतला मुलगा आईसाठी सिरिंजचं अख्खं खोकं घेऊन आला. सुई बारीक, दुखत नाही, आई खूश. पण तिकडची इन्सुलिनची सिरिंज १००ची. आई सवयीने २०च्या रेघेपर्यंत औषध ओढते, कुपी इथली ४०ची, आणि अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढत जाते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि घरात वाद पेटतो तो आईने चोरून आंबा खाल्ला का यावर! उलटा प्रकार जास्त घातक. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २०पर्यंत ओढलं, की ५० युनिट गेले. अडीचपट. झोपेत साखर उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो.

यात डॉक्टरांचं लिहिणं बरोबर होतं, औषधही अस्सल होतं. चिठ्ठी आणि शरीर यांच्यामधल्या टप्प्यात घोटाळा झाला, आणि तो टप्पा फार्मासिस्टचा आहे. ‘सिरिंज कुठली वापरता? येताना एक घेऊन या’, एवढं त्याने विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

१९८५ साली नैरोबीत जागतिक आरोग्य संघटनेची परिषद झाली. औषधांचा विवेकी वापर म्हणजे काय, हे तिथे ठरलं: रोग्याच्या गरजेचं औषध, त्याला लागेल तेवढ्या मात्रेत, पुरेसे दिवस, आणि त्याला व समाजाला कमीत कमी खर्चात. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असतं. काउंटरवर उभं राहिलं की शेवटचं कलम सगळ्यात आधी विसरलं जातं, यात नवल नाही. दुकान विक्रीवर चालतं, सल्ल्याचे पैसे कुणी देत नाही.

मेथोट्रेक्सेट हे औषध तुमच्यापैकी काहींच्या घरात असेल. आमवातावर, सोरायसिसवर देतात. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. पण बीपीची रोज, थायरॉईडची रोज, मग हीही रोजच, असं माणूस गृहीत धरतो. त्यात सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच लहान आणि पिवळी. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर माणूस दगावतो. हे जगभर घडलेलं आहे.

अशा वेळी हा रोगी प्रथम कुठे जातो? मेडिकलमध्ये. ‘तोंड आलंय, एक बी-कॉम्प्लेक्सची पट्टी द्या.’ पट्टी दिली, पैसे घेतले, संपलं. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ हा प्रश्न तिथेच विचारला, तर जीव वाचू शकतो. आणि मुळात ही गोळी देताना पाकिटावर ठळक अक्षरात ‘फक्त रविवारी’ लिहायला पेनाशिवाय काय लागतं? चिठ्ठीवर वार नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. काही डॉक्टर चिडतात, हे खरं आहे. चिडू द्यावं.

आता गिऱ्हाइकाची बाजू. गजकर्णासाठी ‘ती खाज थांबवणारी ट्यूब’ मागणारे रोज येतात. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरच्या औषधाबरोबर पुष्कळदा क्लोबेटासॉल असतं, जबरदस्त स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब नामी ठरते आणि शेजारणीलाही सुचवली जाते. खाली बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते, चट्ट्याचं रूप असं बदलतं की त्वचारोगतज्ज्ञही क्षणभर थबकतो. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं २०१८मध्ये ठरलं. तरी विकली जातात. फार्मासिस्टने नाही म्हटलं की तुम्ही रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाता, आणि नाही म्हणणाऱ्याचा धंदा बसतो. याला फक्त दुकानदार जबाबदार, असं मला म्हणता येत नाही.

कायदा तसा स्पष्ट आहे. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषधाविषयी रोग्याशी बोलणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, हे २०१५च्या नियमांत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये, आणि फ्रेममधला माणूस दुसऱ्याच गावी नोकरीला. तेव्हा दुकानात गेलात की भिंतीवरचं नाव वाचा आणि ‘हे कोण?’ म्हणून विचारा. राग येईल, येऊ द्या.

शेवटी एक कामाची गोष्ट. औषधाने त्रास झाला, पुरळ उठलं, चक्कर आली, तर आपण गोळ्या कचऱ्यात टाकून मोकळे होतो. टाकू नका. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग अशा नोंदी गोळा करतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक. डॉक्टर, फार्मासिस्ट, तसाच रोगीही तिथे कळवू शकतो. मात्र ते औषधाचं नाव आणि बॅच नंबर विचारतात, आणि आपण सुट्या चार गोळ्या घेतो तेव्हा नाव-मुदत छापलेला तुकडा नेमका दुकानातच राहतो. म्हणून चार गोळ्या घेतल्या तरी पक्कं बिल मागा. बॅच नंबर त्यावर असतो.