फोन कुणाच्या हातात आहे?

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलवायला आलेल्या कार्यकर्त्यांनी मला एकच अट घातली होती. ‘मॅडम, डॉक्टरी भाषा नको. दसरा चौकात चहा पिता पिता सांगितल्यासारखं सांगा.’ चहा काही अजून आलेला नाही, पण प्रयत्न करते.

आमचं आरोग्य-संशोधनाचं काम तसं सोपं वाटतं. तरुण मुलामुलींना गाठायचं, त्यांच्या तब्येतीबद्दल विचारायचं आणि वर्ष-दोन वर्षं त्यांचा पत्ता हातातून सुटू द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे असे २५ कोटींच्या वर होते, म्हणजे दर पाच माणसांत एक. पण दवाखान्याच्या बाकावर बघा. बाळ लशीला येतं, पोटुशी बाई तपासणीला येते, आजोबा बीपीची गोळी न्यायला येतात. सतरा वर्षांचा पोरगा हाड मोडल्याशिवाय तिथं दिसत नाही. त्याच्या घरी जावं, तर दुपारी दारात म्हैस आणि सोप्यात आजी. तो कॉलेजात असतो, नाहीतर कॉलेजात आहे असं घरी सांगून रंकाळ्यावर.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, पोराटोरांच्या हातात फोन आले आणि आम्हा लोकांना वाटलं, सुटलो! प्रश्नावलीची लिंक करायची, ग्रुपवर टाकायची, सकाळी उठून उत्तरं मोजायची.

मीही टाकली. तालमीत आणि जिममध्ये जाणाऱ्या मुलांसाठी प्रश्न होते. खुराक काय, डब्यातली पावडर घेता का, घेता तर कुणाच्या सांगण्यावरून. शेवटपर्यंत भरेल त्याला मोबाइलचं रिचार्ज. आपल्या पेठांतल्या मंडळांचे ग्रुप तुम्हाला ठाऊक आहेत. फुटबॉलचा सामना पुढं ढकलला तर तो निरोप पाच मिनिटांत गावभर होतो. माझी लिंकही तशीच गेली. सकाळी उत्तरांचा ढीग! मी खूश. मग एकेक उघडून बघायला लागले. चाळीस प्रश्न दीड मिनिटात सोडवलेले. ओळीनं अकरा जणांचं वजन बहात्तर किलो. एकाच नंबरवरून आधी वय १७, मग २१. त्या नंबरवर फोन केला तर पलीकडून अगदी निरागस आवाज आला, ‘मॅडम, दोस्ताला बी रिचार्ज पाहिजे हुतं की.’ मी त्याच्यावर चिडले नाही. रिचार्जचं दुकान मीच मांडलं होतं, तो गिऱ्हाईक म्हणून आला.

तो ढीग मी टाकून दिला. तेव्हा मला १९३६ सालची गोष्ट आठवली. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवून कौल मागवला. वीस लाखांच्या वर उत्तरं आली आणि त्यांनी छापलं की लँडन रूझवेल्टना हरवणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्याचं मत म्हणजे देशाचं मत असं धरलं गेलं. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी थोड्या माणसांना विचारून बरोबर सांगितलं.

आपण आज वेगळं काय करतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरते असा फोन असणाऱ्या निघाल्या ५४ टक्के. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन मुलं गोळा केली, की हा खड्डा आणखी खोल होतो. कारण जाहिरातीचं यंत्र हुशार असतं. जो पटकन बोट लावेल त्यालाच ते शोधून दाखवत राहतं. माझ्या प्रश्नाला कोण हवंय हे त्याला कळत नाही, स्वस्तात कोण मिळतं हे कळतं.

आणि आपल्या जिल्ह्यात तर बघा. कार्तिकात कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. शिरोळपासून कागलपर्यंत फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या दिसतात. त्या कोपीत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असते, पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी. घरात फोन असतो एक, तो बापाच्या खिशात, आणि हंगाम संपेपर्यंत नंबर बदललेला. तरुण मुलींमधलं रक्तक्षय, म्हणजे रक्त कमी असणं, याचा अभ्यास मी लिंकवरून केला, तर जिचं रक्त बहुधा सगळ्यात कमी असेल तीच माझ्या आकड्यांतून गायब. तिच्याकडे पायीच जावं लागतं. टोळीच्या मुकादमाशी बोलावं लागतं, चुलीपाशी बसावं लागतं. (सभागृहातल्या तरुण संशोधकांनो, साडीला किंवा जीन्सला पाचटाची कुसळं लागतात, तयारीनं जा.)

आता तुम्ही म्हणाल, बाई तंत्रज्ञानाच्या विरोधात दिसतात. मुळीच नाही. एक उदाहरण देते, मला फार आवडतं. १९९५ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलांची पाहणी झाली. काही मुलांना नेहमीसारखी कागदावरची प्रश्नावली दिली. बाकीच्यांना लॅपटॉप आणि हेडफोन. प्रश्न कानात ऐकू येणार, उत्तराचं बटण आपलं आपण दाबायचं, विचारणारा माणूस मध्ये नाहीच. दुसऱ्या मुलाशी शारीरिक संबंध आल्याचं कागदावर सांगणारे १.५ टक्के निघाले, हेडफोनवर ५.५ टक्के. पोरं त्याच वयाची, प्रश्न तेच. यंत्रानं फक्त समोरची नजर काढून घेतली.

असाच प्रयोग आपल्या पुण्यातही झाला, २००५ मध्ये तो छापून आला. कॉलेजातल्या मुलांनी संगणकाला अधिक मोकळेपणानं सांगितलं. झोपडपट्टीतल्या मुलांच्या बाबतीत मात्र तसा सरळ निकाल लागला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. काही पोरांना माणसासमोर तोंड उघडायला लाज वाटते, काहींना माणूस समोर असल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आमच्या कोल्हापुरी पोरांना दुसऱ्या गटात घाला, मी सही करते.

पण त्या प्रयोगातल्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. तो लॅपटॉप संशोधकाचा होता. मुलगा एकटा बसला होता, उत्तर दिलं की यंत्र परत गेलं. फोनचं तसं नाही. फोन उत्तर देणाऱ्याच्या घरात राहतो, आणि आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. आईची मालिका त्याच्यावर, धाकट्याचा गेम त्याच्यावर, चुलत्याला दुधाचं बिल आल्याचा मेसेज त्याच्यावर. पासवर्ड सगळ्या घराला पाठ.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. पाळीच्या त्रासाबद्दल आम्ही मुलींना दर महिन्याला मेसेज करून विचारत होतो. एका मुलीची उत्तरं तीन महिने कशी छान, नीटनेटकी. त्रास नाही, काही नाही. शंका आली म्हणून गावात गेले. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मेसेज तिनं कधी पाहिलाच नव्हता. उत्तरं तिचा भाऊ देत होता. वाईट हेतूनं नव्हे हं, ‘बहिणीला कशाला त्रास’ म्हणून. मी तीन महिने एका पंधरा वर्षांच्या मुलाला पाळीबद्दल विचारत होते आणि त्याला खरोखरच काही त्रास नव्हता!

आज हसतोय आपण. त्या मेसेजमध्ये मारहाणीबद्दल प्रश्न असता, आणि मारणाऱ्याच्याच हातात तो फोन असता, तर?

तेव्हापासून आमचे काही नियम झाले. मेसेजच्या पहिल्या ओळीत विषय लिहायचा नाही. उत्तर शब्दांत मागायचं नाही, आकड्यात मागायचं, म्हणजे मेसेज फोनमध्ये मागे राहिला तरी नुसता ‘३’ दिसतो. नाजूक प्रश्नाआधी एक साधा प्रश्न, तुम्ही आत्ता एकट्या आहात का. आणि पहिली भेट प्रत्यक्षच, त्यात विचारायचं की फोन कुणाचा आहे, रात्री कुणाच्या उशाशी असतो.

संमतीचं प्रकरण याहून अवघड. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मूल सात वर्षांचं झालं की पालकांच्या संमतीबरोबर त्याचाही होकार हवा, आणि बारानंतर तो लेखी हवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल म्हटलंय. पालकांची संमती पडताळता आली पाहिजे, मुलांवर पाळत ठेवायची नाही. संशोधनाला त्यात काही अटींवर सवलत आहे. कागदावर उत्तम. आता घरात बघा. पालकांच्या संमतीचा ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो. वडील हाक मारतात, ‘बाळ्या, हे काय आलंय बघ रे.’ बाळ्या बघतो, चार आकडे टाकतो, संमती झाली. कायदा खूश, संशोधनाला परवानगी देणारी आमची एथिक्स कमिटी खूश, आणि बापाला पत्ता नाही.

तालमीत उलटं. तिथं वस्तादांनी मान हलवली की वीस पोरं रांगेत. एकालाही नाही म्हणायचं स्वातंत्र्य नाही. म्हणून आम्ही वस्तादांना आधी भेटतो, मान देतो, आणि विनंती करतो की आता तुम्ही जरा बाहेर थांबा. पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा माझे पाय लटपटत होते. ते थांबले. पोरांपैकी दोघं उठून गेले. मला बरं वाटलं. कुणीच उठलं नसतं, तर इतरांचा होकार मी खरा कसा मानायचा?

फोन न विचारताही पुष्कळ सांगतो, असं हल्ली म्हणतात. किती वेळ हलला, कुठं गेला, स्क्रीन कधी बंद झाली. त्यावरून झोप आणि मनःस्थिती ओळखायची. या कल्पनेची आजी जुनी आहे. १९७० च्या दशकात शिकागोत चिकसेंटमिहाय आणि लार्सन या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना पेजर दिले होते. दिवसातून मधूनच तो वाजायचा आणि मुलांनी त्या क्षणी काय करतोय, कसं वाटतंय ते लिहायचं. मला ती पद्धत आवडते, कारण त्यात पोराला विचारलं जातं. नुसत्या हालचालीवर भिस्त ठेवली तर काय होईल ते आपल्या गल्लीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेचा मुलगा सकाळी आठला फोन ड्रॉवरमध्ये टाकतो आणि संध्याकाळी काढतो. फोनच्या हिशेबानं तो दिवसभर झोपलेला. खोलीवर गेल्यावर रात्री दोनपर्यंत रील बघतो, फोनच्या हिशेबानं तेव्हा तो उत्साहात. खरं तर त्याच वेळी त्याचा जीव कशात रमत नसतो. हे त्यानं सांगितलं तरच कळणार. तेही ‘मला नैराश्य आहे’ असं तो म्हणत नाही. म्हणतो, ‘डोकं चालंना झालंय.’ आमच्या प्रश्नावल्यांत हे वाक्य कुठंच नसतं. म्हणून आता आम्ही व्हॉइस नोट मागवतो. पोरं टाइप करताना पुस्तकी होतात, बोलताना घरची होतात.

आणि समजा रात्री दोनला एखादीनं लिहिलं की घरातला एक माणूस मला त्रास देतो. ते उत्तर सर्व्हरवर पडलं. कोण वाचणार? आम्ही तर महिनाअखेरीला सगळं एकदम उघडायचो. ‘तुमची माहिती पूर्ण गुप्त राहील’ हे वाक्य आम्ही सर्रास छापायचो. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्यानं ते कळवलंच पाहिजे. म्हणजे ते वाक्य खोटं होतं. आता आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो की अमुक गोष्ट कळली तर आम्हाला गप्प बसता येणार नाही. त्यानं काही मुली तोंड मिटतात. आकडे कमी येतात. येऊ देत. नाजूक प्रश्न असलेल्या दिवशी कुणीतरी जागं असतं, आणि प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असतो.

वेळ होत आली, एक शेवटचं सांगते. भुदरगडकडची एक मुलगी आमच्या अभ्यासात होती. एके दिवशी तिचा फोन आला, भराभर बोलली. ‘ताई, हा नंबर आईचा हाय. ह्याच्यावर काय पाठवू नका. गुरुवारी आई बाजाराला जाती, फोन घरात ऱ्हातो. तवा मी मिस्ड कॉल देईन, मग तुम्ही करा.’ आम्ही वर्षभर बसून जी पद्धत आखली होती, तिच्यापेक्षा ही चांगली होती. ती आम्ही सगळ्या मुलींसाठी उघडी केली. वेळ त्यांची, मिस्ड कॉल त्यांचा, पैसे आमचे.

गुरुवारी सव्वाअकराला तिचा मिस्ड कॉल आला. चला, तिसऱ्या रांगेतल्या त्या दादांनी मघापासून हात वर धरलाय, त्यांना माईक द्या.