एकदाच फुटलेला तारा, पाच वेळा दिसलेला

हा फोटो हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचा आहे. मधे पिवळसर गॅलक्स्यांचा (म्हणजे दीर्घिकांचा) घोळका, त्याचं नाव आबेल ३७०, आणि बाजूला ती लांबुडकी वाकडी रेघ दिसतेय ना, १९८०च्या दशकात लोक तिच्यावरून डोकं खाजवत बसले होते की हे आहे तरी काय. रेडशिफ्ट मोजला, म्हणजे तिचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते, त्यावरून अंतर कळतं, तेव्हा कळलं, ती या घोळक्यातली नाहीच, बरीच मागची अख्खी गॅलक्सी आहे, ताणून धनुष्यासारखी झालेली.

अशा घोळक्यात, म्हणजे क्लस्टरमधे, गॅलक्स्या शेकडो, पण खरं वजन त्यांचं नाही, बहुतेक सगळं डार्क मॅटरचं, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचं. एवढ्या वजनाने जागाच वाकते, प्रकाश बिचारा त्यातून आपल्या सरळ वाटेने येतो आणि आपल्याला मात्र वळून आलेला दिसतो. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने १९३७ मधेच लिहिलं होतं, की गॅलक्स्या अशा भिंगासारख्या वागतील. भिंग तसं भंगारच म्हणा, काचेच्या भिंगात कडेचा किरण जास्त वळतो, इथे उलटं, मध्याजवळचा जास्त वळतो, त्यामुळे फोकस असा होतच नाही, चित्र ओढलं जातं, नाहीतर एकाचे तीन-चार होतात.

नोव्हेंबर २०१४ मधे तेच झालं. साधारण ५ अब्ज प्रकाशवर्षं लांबच्या दुसऱ्या एका क्लस्टरमधे, एका गॅलक्सीभोवती चार ठिपके उमटले. चारही एकाच सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे! तारा फुटला एकदाच, ९ अब्ज वर्षांपूर्वी, पण प्रकाश चार वाटांनी आला. नाव ठेवलं रेफ्सडाल, कारण श्यूर रेफ्सडाल या खगोलशास्त्रज्ञाने १९६४ मधेच सांगितलं होतं की अशा प्रतिमांमधला उशीर मोजला तर विश्व किती वेगाने फुगतंय ते काढता येईल.

आणि क्लस्टरमधून अजून एक लांबची वाट होती, तिथला प्रकाश यायचा बाकी होता. मग वेगवेगळ्या टीम गणिताला बसल्या, वजन कुठे किती त्याचे नकाशे केले आणि आधीच सांगून मोकळ्या झाल्या, अमुक जागेवर नजर ठेवा, वर्षभराच्या आसपास येईल. म्हणजे तारा फुटलेला कधी आणि कुठे दिसणार ते आधी सांगायचं, विचार करा!

११ डिसेंबर २०१५, हबल तिकडे वळला, ठिपका हजर. उशीर निघाला साधारण ३७६ दिवस.

त्याच नकाशांप्रमाणे एक प्रतिमा या सगळ्यांच्या कितीतरी वर्षं आधीच येऊन गेली असणार. ती कोणाला दिसलीच नाही.